बुधवारची सुट्टी

गेल्या डिसेंबरात आमच्या आईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू एकामागून एक काढले आणि घरात एक नवेच माणूस वावरू लागले. तोवर त्र्याऐंशी वर्षांची ही बाई खिडकीशी बसून जप करीत असे आणि सगळ्यांचे कसे सुरळीत चालले होते. डोळ्यांवरचे काळे चष्मे उतरले त्या दिवशी तिने प्रथम छताकडे पाहिले आणि म्हणाली, "सूनबाई, त्या कोपऱ्यात जाळं आहे." मग माझ्याकडे वळून पाहिले. बराच वेळ पाहिले. "आणि तू रे कधी म्हातारा झालास?"

आमची बैठकीची खोली पिवळी आहे असे ती चार वर्षे धरून चालली होती. ती पांढरी निघाली. सौभाग्यवतीची जी साडी तिला मळकट वाटे, ती चांगली निळीभोर होती. डॉक्टर म्हणाले, असे होतेच. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर धरलेली पिवळट काच, ती काढली की रंग नव्याने दिसतात. आई दिवसभर घरातल्या वस्तू उन्हात नेऊन त्यांचे रंग तपासू लागली. आम्ही म्हटले, चालायचेच. आणि अशातच जानेवारीतल्या एका रात्री, आमटी वाढता वाढता तिने जाहीर केले,

"मला उर्वशी बघायची आहे."

चिरंजीवांनी तत्परतेने मोबाईल पुढे केला. त्यांच्या माहितीप्रमाणे त्या नावाच्या दोन-तीन नट्या आहेत.

"सिनेमातली नव्हे रे मेल्या," आई म्हणाली. "राणीच्या बागेतली."

आता, बदलापूरच्या माणसाने वसंत बघायला मुंबईला जायचे म्हणजे कोकणातल्या माणसाने नारळ विकत घ्यायला दादरला जाण्यापैकी आहे. आमचे घर बदलापूर गावात. गाव म्हणजे खरे गाव. स्टेशनला नाव बदलापूरचे असले तरी ते उभे आहे कुळगावात, आणि आम्ही तिथून पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. गेल्या चाळीस वर्षांत इमारती आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपल्या, हे खरे. तरी माघ-फाल्गुनात बारवी धरणाच्या रस्त्याला लागले की पळस पेटलेला दिसतो. कोंडेश्वराच्या वाटेवर काटेसावर आणि पांगारा असतात. आमची जांभळे तर आता सरकारी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहेत. मी आईला हे सगळे सांगितले. रिक्षा करून सगळा वसंत एका सकाळी दाखवतो म्हटले.

"ते रोजचंच आहे," ती म्हणाली. "मला उर्वशी बघायची आहे."

इथे मला आमच्या अण्णांविषयी थोडे सांगितले पाहिजे. वडील जाऊन आता पंधरा वर्षे झाली. माझे लहानपण चिंचपोकळीच्या चाळीत गेले. एक खोली, तीत आम्ही नऊ माणसे. अण्णा परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. रविवारी सकाळी ते आम्हां भावंडांना हाताला धरून राणीच्या बागेत नेत. चालत पंधरा-वीस मिनिटांची वाट. आम्हांला ओढ हत्तीवर बसण्याची आणि माकडांची, अण्णांना झाडांची. गिरणीच्या फाटकावर आयुष्यभर माणसांची हजेरी घेणारा हा गृहस्थ रविवारी झाडांची हजेरी घेई. ही गोरखचिंच, हिचे खोड बघा केवढे. हा कैलासपती, याला फुले फांदीला येत नाहीत, खोडालाच येतात. ही बाग 1862 सालची आहे, लेडी फ्रियरबाईंच्या हस्ते उघडली, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते.

आणि मग हे सगळे एकाएकी थांबले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. अण्णा काही संपवाले नव्हते, पण हजेरी घ्यायला माणसेच उरली नाहीत तर हजेरी घेणाऱ्याला कोण विचारतो? पहिले काही महिने शिल्लकीवर निघाले. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांना मशीद बंदरच्या एका पेढीवर हिशेब लिहिण्याचे हंगामी काम लागले. रोज सकाळी डबा घेऊन जात, संध्याकाळी सहाच्या सुमाराला येत. रविवारीही जात. बाग बंद झाली. पुढे तेही काम सुटले, चाळीतली खोली पागडीवर दिली, आणि 1984 साली आम्ही बदलापूर गावात दोन खोल्या घेतल्या. अंबरनाथला एका कारखान्यात अण्णांना पुन्हा हजेरीचेच काम मिळाले, ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केले.

परंतु राणीच्या बागेत ते पुन्हा म्हणून गेले नाहीत. 1998 साली नातवाला वाघ दाखवायला सगळे घर निघाले, अण्णा घरी राहिले. "बघून झाली आहे बाग," एवढेच म्हणाले. मी आग्रह केला. लहानपणी आम्हांला दाखवलेत, आता नातवाला झाडांची नावे कोण सांगणार? ते उठून गेले. खोटे कशाला बोलू, मला त्यांचा राग आला होता. मला वाटले, तिकिटाचे आणि रिक्षाचे पैसे वाचवताहेत. अण्णांच्या काटकसरीविषयी आमच्या घरात बरेच विनोद चालत, आणि त्यांतले निम्मे माझे असत.

तात्पर्य, फेब्रुवारी लागला आणि आम्ही निघालो. मी, सौभाग्यवती आणि आई. डब्यावरून सकाळी थोडी चकमक झाली. सौभाग्यवतीने ऊन राहणारा नवा डबा भरायला घेतला होता. आईने माळ्यावरून अण्णांचा तीन पुडांचा डबा काढायला लावला. त्याचा एक कान वाकलेला, झाकण बसवताना युक्ती लागते. "ह्याच्यात भर," ती म्हणाली. सासू-सुनेच्या वादात मी पडत नाही, हे माझ्या संसाराचे रहस्य आहे.

साडेनऊनंतरची गाडी धरली म्हणजे गर्दी थोडी कमी, असे बदलापूरकर एकमेकांना सांगतात. कोणाचाही त्यावर विश्वास नाही. अंबरनाथपर्यंत आईला बसायला मिळाले आणि उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण करीत भायखळा येईपर्यंत ती खिडकीतून रंगच बघत होती. भायखळ्याला उतरून, पूल चढून-उतरून, वाटेत दोनदा बसून आम्ही बागेच्या फाटकाशी पोचलो. फाटकाला भले मोठे कुलूप.

"आज बुधवार," रखवालदार म्हणाला. "बुधवारी बाग बंद असते."

अडुसष्ट किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर रोज जाऊन-येऊन ज्याने नोकरी केली, ज्याला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, त्याला हे ठाऊक नव्हते. शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय तरी दाखवावे म्हणून वळलो, तर त्यालाही बुधवारचीच सुट्टी. सौभाग्यवती काही बोलली नाही. ते न बोलणे मला पुढे चार दिवस ऐकावे लागले. मी आईकडे चोरून पाहिले. वाटले, आता रडणार. तर ती पदराचे टोक तोंडावर धरून हसत होती. अंग गदगदत होते तिचे.

"अरे हो की," ती म्हणाली. "बुधवारी सुट्टी असायचीच."

कोणाला, हे विचारायचे मला सुचले नाही. आम्ही परत भायखळा स्टेशनवर आलो आणि बाकावर बसून डबा खाल्ला. हे जुने स्टेशन नीट दुरुस्त करून मूळच्यासारखे उभे केले, म्हणून 2022 साली त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे. मी ती हकीकत सौभाग्यवतीला सांगितली. तिने लोणच्याची फोड माझ्या ताटलीत जरा जोरात ठेवली.

दुसऱ्या खेपेला शुक्रवार पाहून गेलो. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. दरवर्षी बागेत महापालिकेचे पुष्पप्रदर्शन भरते, फुलांचे प्राणी आणि फुलांची वाहने करतात, ते होऊन गेले होते, हे एका परीने बरेच झाले. मला त्या प्रदर्शनाचे कौतुक आहे. पण फुलाला फूल म्हणून राहू द्यावे, त्याची मोटार करू नये, असे आपले माझे मत. फाटकातून आत जाणारी बहुतेक गर्दी सरळ पेंग्विनांकडे वळते. ते 2016 साली आले, आणि तेव्हापासून बागेचा कारभार तेच पाहतात, असे वाटावे इतका त्यांचा मान. आम्ही तिघे मात्र झाडांकडे वळलो, आणि पाहतो तो काय, दहा पावलांवर मुंबई नाहीशी झाली. बाहेर आंबेडकर रस्त्यावर मोटारी ओरडत असतील तर असोत. बागेत तीन हजारांवर झाडे आहेत म्हणतात. काही दीडशे वर्षांची. कैलासपतीच्या खोडाला गुलाबी फुले लगडली होती, खाली सडा, आणि वास असा की आई म्हणाली, देवघरात उभी आहे. काटेसावरीवर कावळे, मैना आणि खारी यांची एकच पंगत बसली होती.

उर्वशी आईनेच शोधून काढली. चाळीस वर्षांत बागेतले रस्ते बदलले, कुंपणे आली, पाट्या आल्या. ही बाई कोणाला न विचारता, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिली आणि एका झाडाखाली उभी राहिली.

मी ते झाड लहानपणी शंभर वेळा पाहिले असेन. खरे म्हणजे पाहिले नव्हते. उंचीला बेताचे, आडव्या फांद्यांचे. कोवळी पाने आधी तांबूस-तपकिरी असतात आणि ओल्या रुमालासारखी लुळी लोंबत राहतात. हिरवी झाली की मग ताठ होतात. आणि फुले! हातभर लांब देठाला उलटी टांगलेली, झुंबरासारखी. लालबुंद. मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, जणू हळदीचे बोट टेकवले आहे. केसर लांब, वर वळलेले. आठ-दहा घोस उमलले होते, काही गळून खाली पडले होते. फूल टिकते दोन-चार दिवस.

मागाहून ग्रंथालयात जाऊन मी या झाडाची चौकशी केली. मूळची ही ब्रह्मदेशची. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख वॉलिच हे 1820 च्या दशकात त्या मुलखात हिंडत असता एका जुन्या बौद्ध मठाच्या बागेत त्यांना हे झाड दिसले. जवळच्या गुहांत बुद्धमूर्तींपुढे या फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या असत. त्यांनी झाडाला गव्हर्नर जनरलच्या पत्नीचे, लेडी ॲमहर्स्ट यांचे नाव दिले, आणि उदात्त असे एक विशेषण जोडले. आपल्या लोकांनी ते बाजूला ठेवून उर्वशी म्हटले. कोणी म्हटले ते ठाऊक नाही, पण मला हे नाव देणारा माणूस भेटायला हवा होता. रानात हे झाड आता जवळजवळ आढळत नाही. बी क्वचितच धरते, म्हणून गुटी बांधून वाढवावे लागते. इंग्लंडातल्या एका ड्यूकने या झाडासाठी आपला माळी हिंदुस्थानात पाठवला, खास काचघरात ते वाढवले. आणि तिकडे पहिले फूल आले ते 1849 साली, लंडनजवळच्या दुसऱ्याच एका बाईंच्या बागेत. फुलांचे असे असते.

परंतु त्या दिवशी मला यातले काही माहीत नव्हते. आम्ही समोरच्या बाकावर बसलो. सौभाग्यवती पाण्याची बाटली भरून आणायला गेली. आई फुलांकडे बघत होती.

"लग्न झालं तेव्हा एका खोलीत दहा माणसं," ती म्हणाली. "सासूबाई, सासरे, दीर, नणंदा. नवऱ्याशी बोलायचं कुठे? हे इथे आणायचे. रविवारी. ह्या झाडाखाली. पहिलं वर्षभर आम्ही जे काय बोललो ते इथेच."

मी हसलो. म्हटले, अण्णा आणि प्रेमाच्या गोष्टी?

"गोष्टी कसल्या! झाडांची नावं सांगायचे." मग थोडे थांबून म्हणाली, "तुला ती पेढी आठवते का रे? मशीद बंदरची?"

"आठवते की."

"पेढी नव्हतीच."

मला कळेना.

"मशीद बंदरची कुठली पेढी रविवारी चालू आणि बुधवारी बंद असते? मी विचारलं, तर म्हणाले, शेटजींचा बुधवार असतो. म्हटलं असेल. मग एक दिवस डबा घासायला घेतला, तर तिसऱ्या पुडात पाकळी. लाल. टोकाला पिवळं." तिने वर बोट केले. "ही मी दुसरीकडे कुठेच पाहिली नव्हती."

दुसऱ्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन बागेत आली होती. तो पलीकडचा रस्ता, तिने दाखवला, तिथून पाहिले. अण्णा या झाडाखाली बसले होते. धुतलेला सदरा, टोपी, मांडीवर वर्तमानपत्र. बारा वाजले तसा त्यांनी डबा उघडला आणि एकटेच जेवले.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? भाजी घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून एक पोळी जास्त घालायला लागले. उघड्यावर बसलं की भूक लागते." ती जरा हसली. "संध्याकाळी आले की विचारायची, हिशेब जुळला का आज? म्हणायचे, जुळला."

"आणि पगार? अण्णा पगार आणून द्यायचे, मला आठवतं."

"आधी अंगठी गेली. मग घड्याळ. म्हणाले, दुरुस्तीला टाकलंय. मी तरी काय, गल्लीच्या टोकाला पापड लाटायला जायचे आणि त्यांना सांगायचे, भजनाला जाते."

आईची ती भजने मला चांगली आठवत होती. दुपारी असत. त्या वर्षी ती एकदम फार धार्मिक झाली, असे आम्हां भावंडांचे मत होते.

"आणि मग?"

"मग जून आला. पावसात बागेत बसणार कुठे? पहिल्याच पावसात नखशिखान्त भिजून आले. म्हणाले, पेढी बंद झाली. मी म्हटलं, बरं झालं, फार राबवून घेत होते तुम्हाला." तिने पदर सावरला. "कपडे बदलून बसले. चहा दिला. तोंड असं मोकळं झालं होतं. सहा-सात महिन्यांत तसं पाहिलं नव्हतं."

"तुला ठाऊक होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही?"

"इश्श. कळून कसं चालेल?"

सौभाग्यवती पाणी घेऊन आली. आईने ते घटाघटा प्यायले आणि विषय पेंग्विनांवर नेला. मी मात्र तिथेच अडकलो होतो. 1983 च्या फेब्रुवारीत आमच्या कॉलेजची सहल माथेरानला निघाली होती. मी अण्णांकडे साठ रुपये मागितले होते. ते म्हणाले, बघू. मी म्हटले होते, तुम्ही नेहमी बघूच म्हणता. दोन दिवसांनी त्यांनी साठ रुपये मोजून दिले होते, आणि माथेरानहून परत आलो तेव्हा त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते. दुरुस्तीला टाकले होते. मी सहलीचे वर्णन सांगत होतो आणि ते मधूनमधून उघड्या मनगटाकडे पाहत होते, सवयीने.

मी आईला हे सांगितले नाही. तिला ठाऊक असेलच. या घरात कोणाला काय ठाऊक आहे, हे आता मला सांगता येत नाही.

निघताना ती वाकली. वाकू नकोस असे डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून सौभाग्यवती ओरडली. आईने खाली पडलेले एक फूल उचलले, फुंकर घालून मुंगी उडवली, आणि बाकावर बसून डबा मागितला. वाकलेल्या कानाचे झाकण तिने मला न विचारता बरोबर युक्तीने उघडले.

परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत उभे होतो. पुढे जागा मिळाली. आई डबा मांडीवर घेऊन झोपली. दोन्ही हात झाकणावर. कल्याणनंतर अंधार पडला. स्टेशनवरून रिक्षाने गावात आलो, तोवर सात वाजून गेले होते.

रात्री सौभाग्यवती भांडी घासायला बसली. तिसरे पूड उघडून तिने हाक मारली, "आई, ह्यात फूल राहिलंय. काढून पाण्यात ठेवू का?"

"राहू दे तसंच," आई आतून म्हणाली. "डबा उद्या घासू."